ओटी बंद झाली की वही काढा
वाचकांचे प्रश्न : मंदी आणि ठेक्यावरचे, हंगामी, रोजंदारीवरचे कामगार

या वेळच्या टपालात बेळगाव परिसरातल्या उद्यमबाग, मच्छे, निपाणी, संकेश्वर, खानापूर अशा सगळ्या बाजूंनी एकाच तऱ्हेची पत्रं आली. लिहिणारे कायम नसलेले कामगार किंवा त्यांच्या घरचे. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळलीत. कायद्याचं एक आधीच सांगून टाकू, म्हणजे प्रत्येक उत्तरात ते पुन्हा यायला नको. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. जुन्या कायद्यांतलं बरंच काही त्यांत तसंच आलं, काही बदललं. काम त्या तारखेआधी गेलं असेल तर हिशेब जुन्या कायद्यानं, नंतर गेलं असेल तर संहितेनं.

प्रश्न : मच्छेतल्या एका फौंड्रीत फेटलिंगला (ओतीव माल घासून साफ करायला) आहे, ठेकेदाराकडून. गेल्या महिन्यापासून ओटी (ओव्हरटाइम) बंद आहे. कायम कामगार म्हणतात, ‘पहिले तुम्हीच जाणार.’ हे खरं आहे का? आधी कळायला काही मार्ग आहे का?

खरं आहे. त्यात कुणाचा तुमच्यावर राग असतो असंही नाही. कायम कामगार कमी करायचा तर नोटीस द्यावी लागते, भरपाई द्यावी लागते, युनियनसमोर बसावं लागतं, आणि 300 किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात सरकारची परवानगीही लागते. ठेकेदाराला मात्र ‘उद्यापासून चाळीस नको, पंचवीस पाठव’ एवढं सांगितलं की झालं. ठेक्याची पद्धत वाढली त्यामागे हेच मोठं कारण आहे. आज देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांत दहातले सुमारे चार कामगार ठेकेदारामार्फत आहेत.

बाहेरही हेच होतं. 2007 ते 2009 च्या मंदीत अमेरिकेत एजन्सीमार्फत तात्पुरतं काम करणाऱ्यांतल्या जवळपास एक तृतीयांश लोकांचं काम गेलं. एकूण नोकऱ्यांतली घट त्या मानानं फारच कमी होती. जपानात 2008 च्या अखेरीला कारखान्यांनी एजन्सीचे कामगार कमी केले. कामाबरोबर कंपनीची खोलीही गेली, म्हणून टोकियोच्या हिबिया बागेत त्यांच्यासाठी तंबू टाकून नववर्षाच्या सुट्टीत जेवण द्यावं लागलं. आपल्याकडे ऑगस्ट 2019 मध्ये प्रवासी गाड्यांची देशांतर्गत विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा 31.57 टक्क्यांनी घसरली. गाडीचे सुटे भाग करणाऱ्या पट्ट्यांत पहिली झळ ठेक्याच्या माणसांनाच बसली.

आधी कळतं. मंदी पायऱ्यापायऱ्यांनी येते आणि क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. पहिल्यांदा ओटी जाते. मग तिसरी पाळी बंद होते, भट्टीचे हीट (धातू वितळवण्याच्या खेपा) कमी होतात. तयार कास्टिंग डिस्पॅचच्या जागेवर साचू लागतात, कच्च्या लोखंडाचे ट्रक अंतरानं येतात. त्यानंतर आठवड्याचे सहा दिवस पाच होतात. शिकाऊ मुलांची मुदत संपली की नवी बॅच घेत नाहीत. शेवटी ठेकेदाराचा करार अकरा महिन्यांऐवजी तीन महिन्यांचा होतो. तुम्ही पहिल्या पायरीवर आहात. म्हणजे कागद गोळा करायला साधारण महिना-दोन महिने हातात आहेत. पुढच्या उत्तरात वहीबद्दल लिहिलंय, ती आजच सुरू करा.

राहतं कोण? ज्याला एकाहून जास्त जागी उभं करता येतं तो. नुसतं ग्राइंडिंग करणाऱ्याआधी कोअर शॉपही सांभाळणारा टिकतो. मशिन शॉपमध्ये बटण दाबून जॉब काढणाऱ्यापेक्षा इन्सर्ट बदलणारा, ऑफसेट देणारा, बोअर गेज वाचणारा टिकतो. कामाच्या वेळेत फुकट शिकायला मिळणारं हे एवढंच भांडवल आहे, ते ओटी चालू असतानाच शिकून घ्यायचं असतं. कोणत्या गाड्यांचा माल निघतो तेही बघा. ट्रॅक्टरचे भाग पावसावर आणि पिकाच्या भावावर चालतात, ट्रकचे मालवाहतुकीवर, पंप-व्हॉल्व्हचे आणखी वेगळ्या चक्रावर. म्हणून एकाच गल्लीत एक फौंड्री दोन पाळ्यांवर आलेली असते आणि शेजारची तीन पाळ्या चालवत असते.

उलट बाजूही सांगायला हवी. मंदी ओसरली की पहिली भरती तात्पुरत्यांचीच होते, कारण ऑर्डर टिकेल की नाही याचा मालकाला भरवसा नसतो. बोलावणं येतं ते सुपरवायझरच्या फोनमध्ये ज्याचा नंबर आहे त्याला. तेव्हा भांडून निघू नका. आणि परत घेताना ‘नवा माणूस’ म्हणून सुरुवातीचा दर लावतात, तर आधीच्या दराची स्लिप दाखवूनच बोला.

प्रश्न : तीन वर्षं एकाच मशिन शॉपमध्ये आहे, हजेरी 600 रुपये. दर सात महिन्यांनी महिनाभर ब्रेक देतात. ठेकेदार म्हणतो, ‘तुझे 240 दिवस कधीच भरत नाहीत, तुला काही मिळणार नाही.’

ठेकेदाराचं गणित चुकलंय. बहुतेक कामगारही ते तसंच धरून चालतात. कामगार कपातीची भरपाई मिळायला लागणारे 240 दिवस सलग भरावे लागत नाहीत. काम सुटलं त्या तारखेपासून बारा महिने मागे जायचं आणि त्यात प्रत्यक्ष किती दिवस भरले ते मोजायचं. तुमचं बघा. शेवटची सात महिन्यांची फेरी, त्याआधी एक महिना ब्रेक, त्याआधीच्या फेरीतले चार महिने. झाले बारा. त्यात कामाचे महिने अकरा. महिन्याला 26 दिवस धरले तर 286. एखाद-दुसरा आठवडा खाडे पडले तरी 240 सहज ओलांडतात. शिवाय ज्या साप्ताहिक सुट्टीचा आणि सणाच्या सुट्टीचा पगार धरलेला असतो ते दिवसही मोजायचे, हे सर्वोच्च न्यायालयानं 1985 मध्येच सांगितलंय. ब्रेकमुळे मालक सुटतो ही समजूत पसरली, कारण कुणी पाटी घेऊन मोजत बसत नाही.

खरी अडचण दोन ठिकाणी येते. एक म्हणजे नाव. ब्रेकनंतर तुम्हाला दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर चढवलं असेल तर कागदावर मालक बदलला आणि मोजणी नव्यानं सुरू झाली. तुमच्या पीएफ पासबुकात आस्थापनेचं नाव दिसतं, ते आत्ताच बघा. मशिन तेच, सुपरवायझर कंपनीचाच, रजा तोच देतो, काम तोच सांगतो, फक्त ठेकेदाराचं नाव बदलतंय, असं असेल तर तो ठेका निव्वळ कागदी असल्याचं न्यायालयात मांडता येतं. तो कागदी ठरला तर तुम्ही थेट कंपनीचे कामगार ठरता. 2001 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्ग हाच आहे. ठेका रद्द झाला म्हणून माणूस आपोआप कायम होत नाही.

दुसरी अडचण पुराव्याची. 2002 मध्ये कर्नाटकातल्याच वनखात्याच्या एका रोजंदारी कामगाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की 240 दिवस भरले हे कामगारानं दाखवायचं, नुसतं प्रतिज्ञापत्र चालणार नाही. पुढच्या एका प्रकरणात न्यायालयानं थोडं सैल केलं. रोजंदारीवाल्याला कुणी नेमणूकपत्र देत नाही हे मान्य केलं, आणि हजेरीपट, पगारपत्रक कंपनीकडून मागवून घेण्याची वाट दाखवली. पण मागवायचं कोणत्या महिन्याचं, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

म्हणून वही. शंभर पानी साधी वही पुरते. रोज एक ओळ लिहायची: तारीख, पाळी, आत-बाहेरची वेळ, मशिन किंवा जॉबचं नाव, सुपरवायझरचं नाव, ओटी किती तास. महिनाअखेरीला मिळालेली रक्कम, रोख की खात्यात. गेट पासचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, तो शेवटच्या दिवशी हमखास काढून घेतात. ‘उद्या सेकंडला ये’ असे व्हॉट्सअॅपवरचे निरोप पुसू नका. बँकेत पगार येत असेल तर पासबुकात दर तिमाहीला नोंद करून घ्या, कारण जुन्या नोंदी नंतर एका ओळीत गोळा होऊन छापल्या जातात आणि महिना कळत नाही. कारखान्याच्या आतले फोटो मात्र काढू नका. त्यावरून गैरवर्तनाचा आळ येतो आणि मग सगळंच बिघडतं.

आता भरपाईची रक्कम. तीन पूर्ण वर्षं धरली तर वर्षाला 15 दिवसांप्रमाणे 600 गुणिले 45, म्हणजे 27,000. नोटीस दिली नसेल तर महिन्याचा पगार, 26 दिवसांचे 15,600. एकूण 42,600. नव्या संहितेत आणखी एक भर पडली आहे. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकानं 15 दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीत भरायचा आणि तो 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात यायचा. तुमच्या बाबतीत 9,000. राहिलेली हजेरी, ओटी यांचा हिशेब काम सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवा. ठेकेदारानं बुडवला तर ज्या कारखान्यात काम केलं त्याच्या मालकावर ती जबाबदारी येते.

हे सगळं एका सहीनं जातं. ‘स्वखुशीनं राजीनामा’ किंवा ‘पूर्ण हिशेब मिळाला’ असा कागद पुढे येतो, बरेचदा कन्नड किंवा इंग्रजीत, आणि सही केली तरच पगार, असा धाक. वाचता येत नसेल तर ‘मजकूर वाचून दाखवला नाही’ असं सहीच्या वर मराठीत लिहा आणि तारीख घाला. कामगार खात्याच्या जिल्हा कार्यालयात अर्ज दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. जुन्या कायद्यात या वादासाठी तीन वर्षांची मुदत होती, संहितेत ती दोन वर्षांची झाली. गावच्या यात्रेनंतर बघू, असं म्हणत लोक ती घालवतात.

तुम्हाला ‘अमुक तारखेपर्यंत’ असं मुदतीचं नेमणूकपत्र दिलं असेल तर प्रकरण वेगळं. मुदत संपली म्हणून थांबवणं ही कपात धरली जात नाही. त्याबदल्यात अशा मुदतबंद कामगाराला पाच वर्षांऐवजी एका वर्षातच ग्रॅच्युइटी लागू होते, आणि पगार-सवलती तेच काम करणाऱ्या कायम कामगाराएवढ्याच द्याव्या लागतात. हे दोन्ही मागा, कुणी आपणहून देत नाही.

प्रश्न : काम गेल्यावर ईएसआयकडून (कर्मचारी राज्य विमा) पैसे मिळतात असं ऐकलं. उद्यमबागेत कुणालाच नीट माहीत नाही.

मिळतात. योजनेचं नाव अटल विमित व्यक्ती कल्याण योजना, 1 जुलै 2018 पासून चालू आहे. सरासरी रोजच्या पगाराच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त 90 दिवस, आणि आयुष्यात एकदाच. तुमची हजेरी 560 असेल तर 280 गुणिले 90, म्हणजे 25,200.

अटी तीन. विमा असलेल्या कामात किमान दोन वर्षं झालेली हवीत. काम जाण्याच्या लगेच आधीच्या अंशदान काळात 78 दिवसांची वर्गणी भरलेली हवी. आणि त्याआधीच्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीन काळांपैकी एकात तरी 78 दिवस हवेत. अंशदानाचे काळ वर्षाला दोन: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. 78 हा आकडा 26 गुणिले 3 आहे, म्हणजे सहा महिन्यांत तीन महिने भरून काम. अर्ज काम सुटल्यावर 30 दिवसांनी ईएसआयच्या पोर्टलवर स्वतः करता येतो, ठेकेदाराची सही लागत नाही. आधार आणि बँक पासबुकाची प्रत लागते. योजनेची मुदत सरकार टप्प्याटप्प्यानं वाढवत आलंय, म्हणून अर्जाआधी शाखा कार्यालयात त्या दिवशीची स्थिती विचारा. गैरवर्तनाबद्दल काढलेल्याला ही योजना नाही. ठेकेदाराशी शिवीगाळ करून निघू नका याचं हेही एक कारण.

पैसे नाकारले जातात ते बहुतेक दोन कारणांनी. स्लिपमध्ये ईएसआय कापलेली दिसते, पण ठेकेदारानं भरलेलीच नसते. पगाराच्या 0.75 टक्के तुमचे, 3.25 टक्के मालकाचे. 14,560 पगारावर तुमचे 110 रुपये जातात आणि मालकाचे 474. पोर्टलवर महिनानिहाय दिवस दिसतात, ते वहीशी ताडून बघा. 26 दिवस काम केलं आणि तिथं 12 दिसत असतील, तर नोकरी चालू असतानाच तक्रार करा. दुसरं कारण नावाचं. आपल्या भागात कारखान्याच्या पटावर वडिलांचं, गावाचं आद्याक्षर लावून नाव चढवतात, आधारवर पूर्ण नाव असतं, आणि एकच आडनाव तीन स्पेलिंगांत फिरत असतं. संगणकाला ती तीन माणसं वाटतात.

औषधोपचार लगेच बंद होत नाहीत, हेही फार जणांना माहीत नसतं. ऑक्टोबर ते मार्च या काळात 78 दिवस भरले असतील आणि फेब्रुवारीत काम गेलं, तरी त्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबर उपचार मिळतात. एप्रिल-सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढचे जानेवारी ते जून. घरात बाळंतपण किंवा ऑपरेशन ठरलेलं असेल तर या तारखा भिंतीवर लिहून ठेवा.

प्रश्न : दोन ठेकेदारांनी दोन पीएफ नंबर काढले. पहिला ठेकेदार धंदा बंद करून गेला. पैसे बुडाले का?

बुडाले नाहीत, अडकलेत. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, माणसाला एकच असावा लागतो. जो आधारशी जोडलेला आणि चालू आहे तो ठेवायचा आणि जुन्यातली रक्कम पोर्टलवरून त्यात वर्ग करायची. जुन्या नोकरीची ‘सोडल्याची तारीख’ भरलेली नसेल तर तिथंच घोडं पेंड खातं. ती तारीख शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः भरू शकता. नाव-जन्मतारखेचा घोळ असेल आणि यूएएन 1 ऑक्टोबर 2017 नंतरचा, आधारनं पडताळलेला असेल, तर बऱ्याच दुरुस्त्या मालकाशिवाय होतात.

काम गेलं म्हणून लगेच सगळं काढू नका. ऑक्टोबर 2025 मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळानं ठरवलं की बेकारीत 75 टक्के लगेच काढता यावेत, उरलेले 25 टक्के बारा महिन्यांनंतर, आणि पेन्शनचा भाग 36 महिन्यांनंतर. अर्जाच्या दिवशी पोर्टलवर जो पर्याय दिसेल तो वाचूनच पुढं जा. एकूण नोकरी पाच वर्षांहून कमी आणि रक्कम 50,000 वर असेल तर कर कापला जातो. वर्ग केलेली जुनी नोकरी त्या पाच वर्षांत धरतात, म्हणून आधी जोडा, मग काढा. आणि पेन्शनच्या नोकरीला नऊ-साडेनऊ वर्षं झाली असतील तर पेन्शनच्या पैशाला हातच लावू नका. दहा वर्षं झाली की 58 व्या वर्षापासून पेन्शन लागते. चार-सहा महिन्यांसाठी ती सोडणारे लोक आहेत आणि ते पाहून वाईट वाटतं.

प्रश्न : राहतो बेळगावात, कामाला रोज बाची ओलांडून शिनोळीला जातो. काम गेलं तर तक्रार बेळगावात करायची की कोल्हापूरकडे?

जिथं काम केलं तिथं. शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणून किमान वेतन, थकलेला पगार, कपात यांसाठी महाराष्ट्राचं कामगार खातं. दरही महाराष्ट्राचेच लागतात. तिथला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, कर्नाटकातला महागाई भत्ता एप्रिलमध्ये. त्यामुळे इकडच्या मित्राच्या स्लिपशी तुलना करून निष्कर्ष काढू नका. पीएफ आणि ईएसआय केंद्राचे आहेत, नंबर देशभर तोच चालतो. घर बेळगावात असेल तर दवाखाना घराजवळचा निवडून घ्या, ते जमतं. कागल किंवा गोव्यातल्या वेर्णा भागात काम करणाऱ्यांनाही हेच लागू.

प्रश्न : संकेश्वरकडच्या साखर कारखान्यात सहा हंगाम झाले. या वर्षी ऊस कमी, गाळप लवकर संपेल असं म्हणतात.

तुमचं वर्ष मुळात अर्धंच असतं, त्यामुळे वरची बरीच उत्तरं तुम्हाला जशीच्या तशी लागू होत नाहीत. साखर कारखाना हंगामी धरला जातो, म्हणून ईएसआय नाही आणि ले-ऑफची, म्हणजे काम नसताना तात्पुरतं बसवल्याची, भरपाईही नाही. पण ग्रॅच्युइटी आहे, दर हंगामाला सात दिवसांचा पगार. त्यासाठी कारखाना जितके दिवस चालला त्याच्या 75 टक्के दिवस तुम्ही भरलेले हवेत. गाळप 110 दिवस चाललं तर 83 दिवस. छोटा हंगाम तुमच्या विरोधात जात नाही, उलट कमी दिवसांत टक्का भरतो. फक्त त्यात खाडे महाग पडतात, कारण 110 दिवसांत 27 च्या वर खाडा झाला की तो हंगाम हिशेबातून गेला.

बोनस 30 दिवस काम केलेल्यालाही मिळतो, किमान 8.33 टक्के, आणि हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत. हंगामी माणूस तोवर दुसरीकडे गेलेला असतो आणि यादीतलं नाव तसंच राहतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एकदा चक्कर मारा. बिगरहंगामी काळासाठी कारखान्यात रिटेन्शन भत्त्याचा (माणूस टिकवून ठेवायला दिलेल्या पैशाचा) करार आहे का, तेही युनियनकडून कळेल. तो बहुधा पुढच्या हंगामाला हजर होणाऱ्यालाच देतात.

प्रश्न : निपाणीत घरी विड्या वळते. काम बंद म्हणत नाहीत, पण पान कमी देतात. आठवड्याला दोन दिवसांचंच काम.

विडीच्या धंद्यातली मंदी अशीच पान-तंबाखू मोजून देऊन येते. काढून टाकल्याचा कागद कुणी देत नाही, म्हणून तुमच्याजवळची दिल्या-घेतल्याची नोंद हाच पुरावा. पान किती, तंबाखू किती, विड्या किती हजार दिल्या आणि छाटात (खराब म्हणून) किती काढल्या, हे दर खेपेला लिहून घ्या. खराब पान आलं की माप भरत नाही आणि बाई स्वतःच्या पैशानं बाजारातून पान आणते. ती रक्कमही तारखेसह लिहा. घरी वळणाऱ्या बायकाही पीएफच्या कायद्यात येतात, हे सर्वोच्च न्यायालयानं 1985 मध्ये ठरवलंय. विडीला वर्गणी 12 ऐवजी 10 टक्के आहे. पासबुकात महिने कोरे दिसत असतील तर पीएफ कार्यालयात चौकशी करा.

प्रश्न : उद्यमबागेत माझं छोटं मशिन शॉप आहे, 22 माणसं, त्यांतली 8 ठेक्यावर. ऑर्डर निम्मी झाली आहे. कुणाला काढायचं मनात नाही, पण झेपत नाही.

कामगारांच्या पत्रांत मालकाचं पत्र आलं, बरं झालं. 50 पेक्षा कमी माणसं असल्यानं ले-ऑफची भरपाई तुम्हाला बंधनकारक नाही. आठ जणांना काढण्याआधी पाळीपाळीनं काम देऊन बघा. आणि देताना एक आकडा धरा: महिन्याला किमान 13 पगारी दिवस. 13 गुणिले 6 म्हणजे 78. सहा महिने तेवढे दिवस मिळाले तर माणसाची ईएसआय जिवंत राहते, घरच्यांचे उपचार चालू राहतात. 12 दिले तर सहा महिन्यांत सहा दिवस कमी पडतात आणि सगळं जातं. तुमचा खर्च जवळपास तोच.

काढावंच लागलं तर एकाच कामावरच्या माणसांत शेवटी आलेला आधी जातो, हा नियम पाळा. वेगळं करायचं असेल तर कारण लेखी ठेवा. पत्रात ‘काम कमी झाल्यामुळे’ हे शब्द आणि तारीख हवीच. राजीनामा लिहून घेऊ नका. तो पुढे वादात टिकत नाही आणि त्या माणसाचे हक्कही अडतात. पीएफवर सोडल्याची तारीख त्याच महिन्यात भरा. वर्षभरात पुन्हा भरती केली तर आधी कपात केलेल्यांना विचारायला लागतं, त्यांचे फोन नंबर ठेवा.

प्रश्न : मिस्टरांचं काम गेलं. मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता आहे. माणसं रात्री दारात येऊन बसतात.

रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांनुसार अशा कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करता येत नाही, धमकी-शिवीगाळ करता येत नाही, नातेवाइकांना त्रास देता येत नाही. सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत असंही बंधन आहे, म्हणून तुमच्या कर्जाच्या अर्जात उत्पन्न किती लिहिलंय ते बघा. एजंटानं फुगवून लिहिलेलं असतं. कंपनीच्या शाखेत लेखी अर्ज द्या: काम गेल्याची तारीख, सोबत कामावरून कमी केल्याचं पत्र किंवा पीएफ पासबुकाचं शेवटचं पान, आणि हप्ता कमी करून मुदत वाढवण्याची मागणी. पोच घ्या. उत्तर येईपर्यंत जमेल ती रक्कम भरत राहा, पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका.

नोंदणी नसलेला सावकार किंवा फायनान्सवाला असेल तर फेब्रुवारी 2025 मध्ये कर्नाटकानं जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढला आणि पुढे त्याचा कायदा झाला, त्याखाली पोलिसांत तक्रार करता येते. जुना हप्ता भरायला दुसऱ्या गटातून नवं कर्ज मात्र काढू नका. दागिना असेल तर तो बँकेत ठेवून मिळणारं कर्ज बहुधा याहून स्वस्त पडतं. आणि मिस्टरांच्या ईएसआयचा अर्ज 30 दिवस झाल्या झाल्या टाका, तिसरं उत्तर त्यांना वाचून दाखवा.